गॅसची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे? मग मॅग्नेशियम एकदा तपासून घ्या

हुबळी | प्रतिनिधी

सकाळी उठल्यावर तोंड धुवायचं, अनशापोटी एक गोळी घ्यायची आणि मग चहा. हुबळी-धारवाडपासून बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, कोल्हापूर, कारवार, गोव्यापर्यंत असंख्य घरांत दिवस असाच सुरू होतो. मराठीत पित्ताची गोळी म्हणा, कन्नडमध्ये ‘एदे उरी’ची मात्रे म्हणा किंवा सरळ गॅसची गोळी म्हणा, गोळी एकच. डॉक्टरांनी लिहून दिलेली असते महिना-दोन महिन्यांसाठी. पुढं ती कधी बंद करायची हे कुणी विचारत नाही, त्यामुळं कुणी सांगतही नाही.

गोळी चांगली आहे. अल्सर आणि पोटातला रक्तस्राव यांवर तिनं मोठा फरक पाडला आहे. पण ती सलग वर्ष-वर्ष चालू राहिली तर काही जणांच्या रक्तातलं मॅग्नेशियम हळूहळू उतरतं. तेव्हा पायात गोळे येतात, बोटांना मुंग्या येतात, छातीत धडधडतं. माणूस त्याचा दोष वयाला, उन्हाला नाहीतर कामाच्या ताणाला देतो. रोजच्या गोळीवर संशय जात नाही. हा प्रकार नेमका काय आहे, कुणी सावध राहायचं आणि डॉक्टरांना काय विचारायचं, याची ही माहिती.

कोणत्या गोळ्या यात येतात?

ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रॅझोल’ असतं त्या. ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल, इसोमेप्रॅझोल, लॅन्सोप्रॅझोल. वैद्यकीय भाषेत यांना प्रोटॉन पंप इनहिबिटर म्हणतात, थोडक्यात पीपीआय. पॅन, ओमेझ, रॅझो ही आपल्याकडच्या मेडिकलमध्ये सर्रास ऐकू येणारी नावं याच गटातली. कुठल्या एका कंपनीच्या मालातला हा दोष नाही. औषधाच्या गटाचाच हा गुण आहे, तेव्हा ब्रँड बदलून तो टळत नाही.

यात काय येत नाही, तेही समजून घ्या. फॅमोटिडीन आणि पूर्वी घराघरात असलेली रॅनिटिडीन ही वेगळ्या गटातली औषधं. तीही आम्ल कमी करतात, पण दुसऱ्या वाटेनं, आणि मॅग्नेशियम उतरवण्यासाठी ती ओळखली जात नाहीत. जेलुसिल, डायजिनसारखं पातळ औषध तर पोटात तयार झालेलं आम्ल तिथंच मारतं, आणि त्यात मॅग्नेशियमचाच क्षार असतो. ईनो म्हणजे मुख्यतः खायचा सोडा. लोक या सगळ्यांना ‘अ‍ॅसिडिटीचं औषध’ या एकाच नावानं ओळखतात. त्यामुळं डॉक्टरांना सांगताना घोटाळा होतो. नाव सांगण्यापेक्षा पाकीटच दाखवलेलं बरं.

मॅग्नेशियमचं काम काय?

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातला निम्म्याहून जास्त साठा हाडांत आणि उरलेला बहुतेक स्नायूंत व इतर पेशींत असतो. रक्तात एक टक्काही नसतो. पण या थोड्याशा मॅग्नेशियमवर बरंच अवलंबून आहे. स्नायू आखडल्यावर परत सैल होणं, मज्जातंतूंचे निरोप नीट पोचणं, हृदयाचे ठोके एका लयीत पडणं, या सगळ्याला ते लागतं.

शिवाय कॅल्शियम आणि पोटॅशियम ही दोन्ही मॅग्नेशियमच्या आधारानं राहतात. मॅग्नेशियम फार उतरलं की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं काम मंदावतं आणि रक्तातलं कॅल्शियम खाली येतं. तिकडं किडनीतून पोटॅशियम गळायला लागतं. म्हणजे रिपोर्टमध्ये तीन आकडे बिघडलेले दिसतात, पण मूळ एकाच जागी असतं.

गोळीमुळं नेमकं काय होतं?

हा हिशेब जमाखर्चाचा आहे. जेवणातून पोटात जाणाऱ्या मॅग्नेशियमपैकी साधारण तिसरा हिस्साच रक्तात उतरतो, बाकीचं शौचावाटे निघून जातं. ही झाली जमा. खर्चाची बाजू किडनी सांभाळते. जमा घटली की ती लघवीतून जाणारं मॅग्नेशियम आवळून धरते.

पीपीआय गोळी जठरातल्या आम्ल तयार करणाऱ्या पंपांनाच कुलूप लावते. आम्ल कमी झालं की पुढं आतड्यातलं वातावरणही थोडं बदलतं. आतड्याच्या भिंतीत मॅग्नेशियम आत घेणारे खास मार्ग आहेत, त्यातल्या एकाचं नाव टीआरपीएम-६. कमी आम्लाच्या वातावरणात हे मार्ग नीट काम करत नाहीत, असा संशोधकांचा आज सर्वात जास्त मानला जाणारा तर्क आहे. म्हणजे जमेची बाजूच आटते. अशा रुग्णांची लघवी तपासली तर तीत मॅग्नेशियम अगदी कमी सापडतं. किडनी आपलं काम चोख करत असते, गळती तिथं नसते.

बहुतेकांचं याच्यावर भागतं. जेवणातून थोडं कमी मिळालं, किडनीनं थोडं जास्त वाचवलं, हाडांतल्या साठ्यातून थोडं आलं, हिशेब जुळला. पण कुणाचा आहार तुटपुंजा असतो, कुणाला जुलाबाचा त्रास असतो, कुणाला लघवीची गोळी चालू असते. त्यांची शिल्लक महिन्यामागून महिना घटत जाते. हा त्रास आठवड्यात न दिसता वर्षानं दिसतो, तो म्हणूनच.

हे लक्षात कधी आलं?

ओमेप्रॅझोल बाजारात आलं १९८८ च्या सुमारास. त्यानंतर जवळपास १८ वर्षांनी, २००६ मध्ये, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात ब्रिटनमधल्या डॉक्टरांचं एक पत्र छापून आलं. दीर्घकाळ ही गोळी घेणाऱ्या दोन रुग्णांचं मॅग्नेशियम आणि त्यापाठोपाठ कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उतरलं होतं. त्यानंतर इतर देशांतूनही अशा नोंदी यायला लागल्या.

मार्च २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रण यंत्रणेनं, म्हणजे एफडीएनं, याबद्दल जाहीर इशारा दिला. पुढच्या वर्षी ब्रिटनच्या यंत्रणेनंही दिला. एफडीएच्या इशाऱ्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. बहुतेक रुग्णांनी गोळी वर्षाहून जास्त काळ घेतलेली होती. साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत नुसतं वरून मॅग्नेशियम देऊन भागलं नाही, गोळीच थांबवावी लागली. आणि गोळी थांबवल्यावर पातळी सर्वसाधारणपणे आठवडाभरात जागेवर आली, तर गोळी परत सुरू केल्यावर दोनेक आठवड्यांत पुन्हा घसरली.

ही तिसरी गोष्ट मोठा पुरावा आहे. बंद केली की बरं, सुरू केली की पुन्हा तेच, असं झालं म्हणजे योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

लक्षणं काय?

मॅग्नेशियम थोडं कमी असेल तर काहीच जाणवत नाही. जास्त उतरलं की पुढच्या तक्रारी दिसू शकतात :

- पोटऱ्यांत वांब किंवा गोळे येणं, विशेषतः रात्री
- बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या येणं
- हात थरथरणं, पापणी किंवा स्नायू फडफडणं
- अंग गळून जाणं, खाण्यावरची वासना जाणं, मळमळणं
- हाताची बोटं आखडून वाकडी होणं
- छातीत धडधडणं, ठोके चुकल्यासारखं वाटणं

फार उतरलं तर आकडी येऊ शकते आणि हृदयाची लय धोकादायक रीतीनं बिघडू शकते. धडधडीसोबत चक्कर आली, शुद्ध हरपली किंवा फिट आली तर घरी थांबू नका, मोठ्या दवाखान्याचा तातडीचा विभाग गाठा. ही लक्षणं दुसऱ्या कितीतरी आजारांतही येतात. पायात गोळे आले म्हणजे मॅग्नेशियमच कमी, असंही नाही. तपासल्याशिवाय कळायचं नाही.

रिपोर्ट नॉर्मल, तरी त्रास का?

इथं एक साधी गोष्ट अनेकांना माहीत नसते. ‘इलेक्ट्रोलाइट्स’ म्हणून जी नेहमीची रक्ततपासणी होते तीत सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड असतं. मॅग्नेशियम सहसा नसतं. त्यासाठी ‘सीरम मॅग्नेशियम’ असं वेगळं लिहावं लागतं. तेव्हा ‘सगळं तपासलं, सगळं नॉर्मल आहे’ म्हणताना त्या कागदावर मॅग्नेशियमचा आकडा आहे का, ते बघा.

साधारणपणे १.७ ते २.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही पातळी ठीक मानली जाते. लॅबप्रमाणं थोडा फरक असतो, म्हणून रिपोर्टवर छापलेली मर्यादा धरावी. बहुतेक साठा हाडांत आणि पेशींत असल्यामुळं रक्ताचा आकडा काठावर असला तरी आत तूट असू शकते. त्याचा अर्थ डॉक्टरच लावतील.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. पोटॅशियम कमी आलं, औषध घेतलं, तरी ते वर येत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत, तरी मुंग्या जात नाहीत. अशा वेळी मॅग्नेशियम बघितलं का, हा प्रश्न विचारायलाच हवा. ते भरून निघत नाही तोवर बाकीची दोन्ही जागेवर येत नाहीत.

जास्त जपायचं कुणी?

सगळ्यात आधी लघवीची गोळी घेणाऱ्यांनी. ब्लडप्रेशर, हृदय किंवा पायाच्या सुजेसाठी हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड अशी औषधं दिली जातात. ब्लडप्रेशरच्या गोळीत यातलं एखादं औषध जोडीला असतं आणि रुग्णाला ते ठाऊकही नसतं. ही औषधं किडनीतून मॅग्नेशियम बाहेर टाकतात. म्हणजे एका गोळीनं जमा घटते, दुसरीनं खर्च वाढतो.

त्यानंतर डिगॉक्सिन घेणारे हृदयरुग्ण. मॅग्नेशियम कमी असेल तर या औषधाचा अपाय लवकर होतो. साखर आटोक्यात नसलेले मधुमेही, रोज दारू पिणारे, जुनाट जुलाबाचे रुग्ण आणि वयस्कर मंडळी यांनीही जपायला हवं.

पॅन्टोप्रॅझोल आणि डोम्पेरिडोन अशी जोड-गोळी आपल्याकडं फार चालते. डोम्पेरिडोनचा हृदयाच्या लयीवर परिणाम होऊ शकतो, हे माहीत असलेलं आहे. मॅग्नेशियम कमी झाल्यानंही लयच बिघडते. ही जोड-गोळी महिनोन्महिने चालू असेल तर डॉक्टरांशी बोलायला आणखी एक कारण आहे.

घाबरायचं किती?

आकड्यानं सांगायचं तर कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ६६ वर्षांवरच्या रुग्णांचा एक अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या अंदाजानुसार सुमारे ७६ हजार ५०० जणांनी ९० दिवस ही गोळी घेतली तर मॅग्नेशियम उतरल्यामुळं एखादा जास्तीचा रुग्ण दवाखान्यात दाखल होतो. म्हणजे प्रमाण फार थोडं. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की वाढलेला धोका मुख्यतः लघवीची गोळी सोबत घेणाऱ्यांतच होता.

म्हणून गोळी घेणाऱ्या प्रत्येकानं उद्याच लॅबमध्ये रांग लावायची गरज नाही. वर्षाहून जास्त काळ गोळी चालू आहे आणि वर सांगितलेल्यांपैकी एखादी गोष्ट लागू होते, त्यांनी मात्र पुढच्या भेटीत विषय काढावा.

सीमाभागाची वेगळी अडचण

आपल्या भागातला रुग्ण एका डॉक्टराकडं थांबत नाही, थांबू शकतही नाही. हल्याळ, दांडेली, जोयडाकडचा माणूस मोठ्या दुखण्याला हुबळीत येतो. विद्यानगरच्या किम्समध्ये, म्हणजे आताच्या कर्नाटक मेडिकल कॉलेज अँड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, नाहीतर सत्तूरच्या एसडीएममध्ये. खानापूरचा माणूस बेळगावला केएलईत जातो, चंदगड-गडहिंग्लजचा कधी बेळगावला तर कधी कोल्हापूरला सीपीआरला, आणि बरेच जण बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात. दरवेळी नवी चिठ्ठी, नवी भाषा, नवा ब्रँड.

यातून दोन गोष्टी होऊ शकतात. एक, एकच औषध दोन वेगळ्या नावांनी दोन चिठ्ठ्यांवर येतं आणि माणूस दोन्ही गोळ्या घेत राहतो. दुसरी, प्रत्येक डॉक्टर समजतो की गोळी आधीच्या डॉक्टरांनी काही कारणानं चालू ठेवली असेल. ती थांबवायची जबाबदारी मग कुणाचीच उरत नाही. त्यात जुनं पाकीट मेडिकलमध्ये दाखवून नवीन घेऊन यायची सवय. कायद्यानं ही गोळी चिठ्ठीवरच मिळायला हवी, पाकिटावर तसं छापलेलंही असतं.

उपाय अगदी साधा आहे. एका कागदावर किंवा मोबाइलमध्ये तीन रकाने करा : औषधाचं मूळ नाव, कधीपासून, कशासाठी. मूळ नाव ब्रँडसोबत पाकिटावर छापलेलं असतं. जनऔषधी केंद्रात तर गोळी मूळ नावानंच मिळते. हा कागद प्रत्येक दवाखान्यात पुढं ठेवा, मग चिठ्ठी कन्नडची असो वा मराठीची. आणि ‘कशासाठी’चा रकाना कोरा राहिला, तर नेमका तोच प्रश्न डॉक्टरांना विचारायचा.

स्वतःच्या मनानं बंद करू नका

हे वाचून गोळी उचलून फेकून देणं ही दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. काहींना ती दीर्घकाळ लागतेच. पोटातून रक्तस्राव होऊन गेलेला आहे, हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत, संधिवातासाठी वेदनाशामकं रोज घ्यावी लागतात, अन्ननलिकेला जखमा आहेत किंवा ‘बॅरेट्स’ नावाचा बदल झालेला आहे, अशा रुग्णांत गोळी थांबवण्याचा धोका मॅग्नेशियमच्या धोक्यापेक्षा मोठा असू शकतो.

साध्या जळजळीसाठी मात्र सहसा ४ ते ८ आठवड्यांचा कोर्स असतो. तो संपल्यावर गोळी लागते का, कमी डोसवर भागतं का, हे बघायचं असतं. अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ मध्ये ही गोळी कुणाची आणि कशी कमी करावी यावर खास मार्गदर्शन काढलं. त्यातलं पहिलं सांगणं हेच की गोळी कशासाठी चालू आहे, ते अधूनमधून तपासत राहा.

गोळी सोडताना एक फसगत होते. बरेच दिवस आम्ल दाबून ठेवलं की गोळी बंद झाल्यावर ते काही काळ उसळून वर येतं. डेन्मार्कमध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पोटाची काहीच तक्रार नसलेल्या १२० निरोगी लोकांना घेतलं होतं. त्यातल्या निम्म्यांना ८ आठवडे ही गोळी दिली. बंद केल्यावर त्यातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला. ज्यांना सुरुवातीपासून नुसती बिनऔषधी गोळी दिली होती, त्यांच्यात हे प्रमाण १५ टक्के होतं. म्हणजे गोळी सोडल्यावर चार दिवस जळजळलं, यावरून ‘मला ही जन्मभर लागणार’ असा निष्कर्ष काढू नये. या मधल्या काळात पातळ औषध किंवा फॅमोटिडीन देऊन भागवता येतं. डोस कसा उतरवायचा ते डॉक्टर ठरवतील.

मॅग्नेशियम कमी निघालं तर?

किती उतरलं आहे त्यावर ठरतं. फार कमी असेल तर दवाखान्यात दाखल करून शिरेतून देतात आणि ईसीजीवर लक्ष ठेवतात. थोडं कमी असेल तर गोळ्या देतात. पीपीआय थांबवता येत असेल तर थांबवून, लागल्यास फॅमोटिडीनसारखं दुसऱ्या गटातलं औषध देतात.

मेडिकलमधून आपणच मॅग्नेशियमच्या गोळ्या आणून खायला सुरुवात करू नका. जास्त झाल्या की जुलाब होतात आणि जुलाबातून मॅग्नेशियम आणखी जातं. किडनीच्या रुग्णांत तर उलटा धोका आहे. बाहेर टाकता न आल्यानं ते अंगात साठतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. मॅग्नेशियम असलेलं पातळ औषधही अशांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

ताटात काय?

आपल्या भागाचं जुनं जेवण याबाबत चांगलं आहे. ज्वारीची आणि नाचणीची भाकरी, शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची चटणी, तीळ, डाळी, उसळी, पालेभाज्या. धारवाडकडच्या कुठल्याही साध्या खानावळीच्या ताटात यातलं बरंच काही असतं. मैद्याचा पाव आणि पॉलिश केलेला तांदूळ यांत मॅग्नेशियम कमी राहतं. पण गोळीमुळं आतड्याची वाटच अडली असेल, तर नुसत्या खाण्यानं तूट भरून निघेलच असं नाही.

जळजळ मुळातच कमी झाली तर गोळीची गरजही कमी होते. रात्री उशिरा सावजीचं झणझणीत जेवण आणि लगेच आडवं होणं, संध्याकाळी मिरची भजी-गिरमिट, दिवसभर चहा आणि तंबाखू, हे चालू ठेवून गोळीवर भार टाकायचा, असं चालत आलं आहे. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर, पोटाचा घेर कमी करणं, उशाकडची बाजू थोडी उंच करणं, तंबाखू-सिगारेट सोडणं, यानं अनेकांचा डोस खाली येतो.

नोंद कुठं करायची?

औषधानं काही अपाय झाल्याचा संशय आला तर रुग्णालाही त्याची नोंद करता येते. त्यासाठी केंद्र सरकारचा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि त्याचं काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालतं. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा मोफत नंबर. रुग्णांसाठीचा अर्ज कन्नड आणि मराठीतही आहे. ही नोंद म्हणजे डॉक्टरांविरुद्ध किंवा कंपनीविरुद्ध तक्रार नव्हे. २००६ मधल्या त्या दोन रुग्णांची नोंद कुणी केली नसती, तर हा दुष्परिणाम लक्षात यायला आणखी वेळ लागला असता.

पुढच्या भेटीत विचारायचे चार प्रश्न

१. ही गोळी मला नेमकी कशासाठी आहे आणि कधीपर्यंत?
२. डोस कमी करून किंवा लागेल तेव्हाच घेऊन भागेल का?
३. माझ्या बाकीच्या औषधांत लघवीची गोळी, डिगॉक्सिन किंवा डोम्पेरिडोन आहे का?
४. वर्षाहून जास्त झालं आहे, तर सीरम मॅग्नेशियम तपासायचं का?

मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, कोकणीत विचारा. चारही प्रश्न मिळून पाच मिनिटांचे आहेत. घरात आई-वडिलांच्या डब्यात ही गोळी वर्षानुवर्षं चालत असेल, तर त्यांच्या वतीनं तुम्ही विचारा.